फेथॉन नावाचं जहाज

आमच्या मालिकेत नाव मिळालं की नशीबही मिळायचं. कामावर रुजू झाले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. बाकीच्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की सांगायची गोष्ट आहे हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी खगोलशास्त्र शिकलेली. वेधशाळेतलं काम संपलं, त्याच सुमाराला अंतराळात घडणाऱ्या एका टीव्ही मालिकेला विज्ञान सल्लागार हवा होता, म्हणून मी तिथे गेले. पहिल्या बैठकीत मी सांगितलं, की अंतराळात हवा नाही, त्यामुळे स्फोटाचा आवाज येणार नाही. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, एकाने लिहूनही घेतलं, आणि पुढच्या भागातला स्फोट आधीपेक्षा जास्त जोरात वाजला. दुसऱ्या बैठकीत मी गुरुत्वाकर्षणाबद्दल बोलले. तिसऱ्या बैठकीत मला चहा पुढे सरकवायला सांगितलं. हळूहळू माझ्याकडे एकच काम उरलं, ते म्हणजे नावं देणं. ग्रह, चंद्र, जहाजं, यंत्रमानव, ज्याला नाव नाही ते माझ्या टेबलावर यायचं. आकाशातल्या कितीतरी गोष्टींना ग्रीक पुराणातली नावं आहेत आणि ती मला पाठ होती. तेवढ्यावर माझा पगार निघत होता.

मालिकेच्या मुख्य लेखकाला सगळे पोथीवाले म्हणायचे. त्यांच्या काखेत कायम ग्रीक पुराणांचा एक जाडजूड कोश असायचा. त्याची शिवण उसवली होती आणि पुठ्ठा चिकटपट्टीवर तग धरून होता. माझ्याकडून नाव आलं की पोथीवाले कोश उघडायचे, त्या नावाच्या माणसाचं पुराणात काय झालं ते वाचायचे, आणि मालिकेत तेच घडवायचे. मी एका संशोधन तळाला टँटलस नाव दिलं. पुराणातला टँटलस गळ्यापर्यंत पाण्यात उभा असतो, पण प्यायला वाकला की पाणी खाली जातं. दोन भागांनंतर तळावरचे नळ आटले. सामान वाहणाऱ्या यंत्रमानवाला मी सिसिफस म्हटलं, आणि तो बिचारा अजून एक खोकं चढावर ढकलतो आहे. वर पोचला की ते घरंगळतं. प्रेक्षकांना याचं वेड लागलं होतं. नाव जाहीर झालं की कोण मरणार यावर लोक पैजा लावायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्या कार्यालयात चालण्यासारखी नव्हती. आमच्याकडे नाव सोनूबाई ठेवलं असतं, तर पुढच्या भागात सोन्याचा वाळा हजर झाला असता आणि तिसऱ्या भागात चोरीला गेला असता.

अडचण अशी होती, की मला नावं माहीत होती, गोष्टी माहीत नव्हत्या. शेजाऱ्याला घराच्या नंबरावरून ओळखावं, तशी मी त्या सगळ्यांना त्यांच्या कक्षेवरून ओळखायचे. पँडोरा म्हटलं की मला पेटी आठवत नाही, शनीच्या कड्यांजवळचा बटाट्यासारखा चंद्र आठवतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात, नियम कळायच्या आत, मालिकेच्या नव्या मुख्य जहाजाला नाव विचारलं तेव्हा मी माझ्या आवडीचं नाव देऊन टाकलं. फेथॉन. माझ्या लेखी फेथॉन हा एक दगड आहे. निळसर रंगाचा, काही किलोमीटरचा लघुग्रह. दगडाला कसली आलीय गोष्ट?

ते जहाज माझ्या सासऱ्यांनी बनवलं होतं.

बाबांनी उभी हयात कवळ्या बनवण्यात घालवली. दवाखान्यामागच्या छोट्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी अर्ध्या गावाला दात दिले. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला लागले, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांना कुठेतरी गुंतव, नाहीतर मी गुंतवते. स्टुडिओच्या मॉडेल विभागाला बारीक हाताचा माणूस हवा होता. बाबा नुसते बघून येतो म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले.

जहाज पलंगाएवढं लांब झालं. सांगाडा प्लायवुडचा, त्यावर कवळ्यांच्या गुलाबी प्लास्टिकची पातळ कातडी, आणि बाहेरून दातांचे धातूचे टोप ज्यात ओततात ते उष्णता सोसणारं प्लास्टर, कारण बाबांकडे त्याचे डबे पडून होते. इंजिनाची तोंडं नीट पाहिली तर दाढा होत्या. बाकीचं साहित्य आमच्या घरून जायचं. केस वाळवायच्या यंत्राचं नळकांडं, चहाची गाळणी, आईंच्या शिलाई यंत्राची बॉबिनं, माझ्या नवऱ्याच्या जुन्या गणकयंत्राची बटणं. घरात काही सापडेनासं झालं की आई शोधायच्या नाहीत. म्हणायच्या, “अंतराळात गेलं असेल.”

जहाजाला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या आणि आत पिवळे दिवे. बाबांनी आत माणसंही बसवली होती, कवळीच्याच प्लास्टिकची, तांदळाच्या दाण्याहून लहान. सगळी हिरड्यांच्या रंगाची. कॅमेऱ्याला ती जेमतेम दिसायची. एकदा त्यांचं भिंग घेऊन मी पाहिलं, तर डाव्या बाजूच्या एका खिडकीत एक बाई शिलाई यंत्रापुढे बसली होती आणि तिच्या शेजारी एक टक्कल पडलेला माणूस हातात चिमटा धरून उभा होता. मी ओळखलं. काही बोलले नाही. आईंना तर मुळीच सांगितलं नाही, कारण बॉबिनांचं प्रकरण ताजं होतं.

आणि मग शेवटच्या भागाची संहिता आली. त्यात फेथॉन जळून खाक होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा पोथीवाल्यांकडून कोश मागून घेतला आणि ती गोष्ट वाचली. फेथॉन हा सूर्याचा मुलगा. त्याने बापाकडे हट्ट धरला, एक दिवस तुमचा रथ मला हाकू द्या. बापाने दिला. पोराला घोडे आवरेनात, पृथ्वी होरपळायला लागली, शेवटी देवांच्या राजाने त्याच्यावर वीज टाकली आणि तो पेटलेला खाली नदीत पडला. दिग्दर्शिका बाईंना खऱ्या आगीचा शौक होता. संगणकावरची आग आगीसारखी दिसते, जळल्यासारखी दिसत नाही, असं त्यांचं मत. मागच्या अंगणात चार कॅमेरे लावून जहाज खरोखर पेटवायचं ठरलं होतं.

रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, की तू तर सांगितलं होतंस फेथॉन म्हणजे दगड. मी म्हटलं, दगडच, पण त्याआधी तो मुलगा होता, आणि गोष्ट सांगितली. बाबांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, “बापाने किल्ली द्यायलाच नको होती.”

आई म्हणाल्या, तुम्ही तर स्कूटर दिली होती, आणि ती थेट भाजीवाल्याच्या गाड्यात गेली होती. माझा नवरा घरातलं तटस्थ राष्ट्र आहे. तो ताटाकडे बघत राहिला.

बाबा रागावले नाहीत. मॉडेलं मोडायलाच बनवतात, म्हणाले, एवढी वर्षं दात बनवले, ते तरी कुठे टिकले, माणसांबरोबर गेलेच की. असं म्हणून ते हात धुवायला उठले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली नाही. लग्नाच्या फोटोपासून आजतागायत दाढी वाढलेल्या बाबांना कुणी पाहिलं नव्हतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उचलली आणि तडक पोथीवाल्यांच्या खोलीत गेले.

त्यांना मी सांगितलं, की नाव चुकलं आहे, बदलू या. पोथीवाले माणूस म्हणून प्रेमळ होते. संहितेचं सामुदायिक वाचन शुक्रवारी होतं; तोवर दुसरं तितकंच भारदस्त नाव आणा, गोष्ट बदलायला माझी हरकत नाही, म्हणाले. नियम मात्र तोच. गोष्ट कोश सांगेल.

मी म्हटलं, आर्गो. आकाशात आर्गो नावाचं एक जहाज होतं, इतकं अवाढव्य, की खगोलशास्त्रज्ञांनी शेवटी त्या तारकासमूहाचे तुकडे करून वाटून घेतले. जे जहाज आकाशात जाऊन बसलं त्याला कोण जाळणार? पोथीवाल्यांनी कोश उघडला आणि खूश झाले. जहाज सुखरूप, त्यांनी मान्य केलं. मी आनंदाने घरी फोन लावणार, तेवढ्यात ते पुढचं वाचत होते. आर्गोचा कप्तान म्हातारपणी त्याच जहाजाच्या सावलीत येऊन बसला, आणि वरून कुजकी तुळई त्याच्या डोक्यात पडली.

दुपारी आमच्या मालिकेचा कप्तान माझ्या खोलीत. पडद्यावर हा माणूस धूमकेतूंना दम देतो. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून त्याने रुमालाने मान पुसली आणि सांगितलं, की त्याची आई दूर राहते, तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती दर आठवड्याला मालिका बघते आणि मुलगा बरा आहे असं समजते.

“ताई, मला मरायला काही वाटत नाही,” तो म्हणाला. “पण तुळई? आई म्हणेल, वर बघून बसायला काय झालं होतं.”

मी आर्गो मागे घेतलं.

मग थीसियस. थीसियसचं जहाज त्याच्या गावकऱ्यांनी जपून ठेवलं होतं. एक फळी कुजली की तिथे नवी बसवायची, असं करत करत ते टिकवलं. बाबांना हे ऐकूनच हुरूप आला. जन्मभर तेच जहाज दुरुस्त करत राहायचं, याहून चांगली निवृत्ती कुठली. पण कोशात आणखी अर्धं पान होतं. थीसियसने बापाला सांगून ठेवलं होतं, मी जिवंत परतलो तर पांढरं शीड लावीन. लावायचं विसरला. काळं शीड बघून म्हाताऱ्याने समुद्रात उडी घेतली.

मालिकेत कप्तानाच्या वडिलांचं काम करणारे एक वयस्कर नट होते. अधूनमधून ते पडद्यावरच्या पडद्यात येऊन मुलाला काळजी घे म्हणायचे, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत, थर्मास घेऊन आले. मलाही कपभर चहा ओतला. म्हणाले, आजवर ज्या मालिकेत काम केलं, त्या प्रत्येक मालिकेत मी मेलो, कुठे हृदयविकार, कुठे जिना. ही एकच अशी आहे जिच्यात अजून धडधाकट आहे. बायको शेजारणींना अभिमानाने सांगते. एवढं बोलून ते उठले, काही मागितलं नाही. त्यामुळे जास्तच अवघड झालं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी एका नियमाशी भांडते आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे आम्ही शाळेत शिकलो. तसंच पुराणातलं मरण. जहाजावरून उचललं की कप्तानावर पडतं, कप्तानावरून काढलं की त्याच्या बापावर. एकूण साठा तेवढाच. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि टोपी जळती. जिथे मरण आधीच खर्च होऊन गेलं आहे असं जहाज शोधणं, एवढाच मार्ग उरला होता.

आणि तसं जहाज होतं. कॅरन. मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी. त्याची नाव कधी बुडाली नाही, जळली नाही. आणि आत बसलेले सगळे आधीच मेलेले, तेव्हा कुणाचं काय बिघडणार.

हे सांगितलं तेव्हा पोथीवाले खुर्चीवर उभे राहिले. म्हणजे पहिल्या भागापासून सगळेच मेलेले होते. कप्तान, वैमानिक, स्वयंपाकी, सगळे. त्यांना ठाऊकच नव्हतं. पोथीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शिका बाईंना आगीऐवजी धुकं चालणार होतं. बातमी कॉरिडॉरमधून वाऱ्यासारखी गेली. नट एकमेकांना मिठ्या मारायला लागले, कारण मेलेल्या माणसाला मालिकेतून काढता येत नाही. कप्तानाने माझ्या टेबलावर बिस्किटांचा मोठा पुडा आणून ठेवला. वयस्कर नटाने विचारून घेतलं, की मीही मेलेलो ना, आणि हो म्हटल्यावर समाधानाने थर्मास उघडला. मला स्वतःला इतकं हलकं वाटत होतं, की मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत मॉडेल विभागात गेले आणि बाबांना सांगितलं. ते हसले. हनुवटीवरून हात फिरवला, उद्या दाढी करायला हवी, म्हणाले.

संध्याकाळी रंगभूषेच्या बाई आल्या. दार ढकलूनच आल्या.

“तुम्ही एकदाच मारलंत,” त्या म्हणाल्या. “मला रोज सकाळी मारावं लागेल. अख्खं जहाज. कानामागेसुद्धा.”

त्यांची समजूत काढेपर्यंत वाहिनीचा निरोप आला. मालिकेची प्रायोजक एक टूथपेस्ट होती. मेलेली माणसं टूथपेस्ट विकू शकत नाहीत, एवढं एकच वाक्य होतं. आगीतून फुफाट्यात गेलेलं जहाज फुफाट्यातून परत आगीत आलं. फेथॉनचं नाव कायम झालं, आणि सकाळी वाचन होतं. बाबांनी दाढी केली नाही.

वाचनाच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. कागदी कप, पेन्सिली, प्रत्येकासमोर संहिता. आगवाल्या तंत्रज्ञाला मापं घ्यायची होती, म्हणून बाबा जहाज ट्रॉलीवर घालून घेऊन आले होते. वर आईंची फुलाफुलांची चादर. ते भिंतीपाशी ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. दवाखान्यात आजाऱ्याच्या पलंगापाशी नातेवाईक उभे राहतात, तसे.

वाचन छान चाललं. लोक हसत होते. मग ते पान आलं. दिग्दर्शिका बाई सूचना मोठ्याने वाचायला लागल्या, की जहाज सूर्याजवळ जातं, ताबा सुटतो, पेट घेतं. मी हात वर केला. शाळेत करतात तसा. एवढ्या महिन्यांत मी वाचनात कधी बोलले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मला बाहेर जायचं आहे.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, की मला त्या दगडाबद्दल सांगायचं आहे.

मग जे मला माहीत होतं ते सांगितलं. आकाशात फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे. दीड वर्षाच्या आत तो सूर्याला एक फेरी घालतो, आणि त्या फेरीत बुधाच्याही पलीकडे, सूर्याच्या अगदी कुशीत शिरतो. तिथे त्याचा पृष्ठभाग इतका तापतो, की शिसं वितळून जाईल. त्याला हे नाव दिलं ते त्यासाठीच. ज्यांनी दिलं त्यांना त्या मुलाची गोष्ट पक्की माहीत होती.

“मग झालं तर,” पोथीवाले म्हणाले. कोशावर त्यांनी तळवा ठेवला. “नाव गोष्टीवरूनच आलं.”

“नाव गोष्टीवरून आलं,” मी म्हटलं, “पण दगडाने ती ऐकलेली नाही. नाव मिळाल्यापासून तो कितीतरी वेळा तिथे जाऊन आलाय. दर वेळी जातो आणि दर वेळी परत येतो.”

कप्तानाने संहिता बंद केली होती. पोथीवाल्यांनी कोश उघडला, पान काढलं, आणि वाचता वाचता थांबले. त्या पानावर दगड नव्हता. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, “भाजून येतो का?”

“भाजून येतो. तडकतो. जाताना थोडी शेपटी सुटते त्याला, काहीतरी उडून जातं. थोडा कमी होऊन येतो. पण येतो.”

“थोडा कमी होऊन येतो,” पोथीवाले म्हणाले. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले, या खेपेस स्वतःशी, आणि पेन्सिल शोधायला लागले. पेन्सिल त्यांच्या कानावर होती. तीन जणांनी एकदमच ती दाखवली.

पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही, कारण सगळे एकाच वेळी बोलत होते. दिग्दर्शिका बाईंनी एवढंच बजावलं, की आग हवी आणि खरी हवी. आग असेलच, पोथीवाले म्हणाले, जहाज तिच्यातून जाईल. वयस्कर नटाने सगळ्यांना चहा ओतायला घेतला आणि थर्मास पहिल्या तिघांतच संपला. बाबांनी चादरीचं एक टोक उगाच सारखं केलं.

चित्रीकरण चार दिवसांनी झालं. मागच्या अंगणात दिव्यांची भिंत म्हणजे सूर्य. जहाज तारेवर टांगलेलं, डावी बाजू सूर्याकडे, आणि वाटेत आगवाल्याने लावलेल्या ज्वालांची रांग. एकदाच करता येणार होतं. आग विझवायची सगळी यंत्रं तयार होती, तरी बाबा ओल्या वाळूची बादली घेऊन उभे. दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा कापूस. तार ओढली. जहाज ज्वालांत शिरलं आणि काही क्षण नुसता नारिंगी रंग दिसत राहिला. मग दातांच्या प्लास्टरचं ते नाक पलीकडून बाहेर आलं, पाठोपाठ खिडक्या, पाठोपाठ धुराची लांब पांढरी शेपटी. उजव्या बाजूचे पिवळे दिवे चालू होते. कप्तान रडत होता. आगवाल्याने बाबांच्या हातून बादली काढून घेतली, कारण ती त्यांनी स्वतःच्या बुटांवर रिकामी करायला घेतली होती.

तो भाग दाखवला गेला तेव्हा पैजा लावणारे सगळे हरले आणि सगळे खूश झाले. कप्तानाच्या आईचा फोन आला, की मुला, उन्हात कमी फिरत जा. पोथीवाल्यांच्या आता दोन्ही काखा भरलेल्या असतात, एका काखेत कोश आणि दुसरीत लघुग्रहांची सूची. रोज सकाळी ते माझ्या दारात उभे राहून विचारतात, हा कुठे जातो, तो परत येतो का. सिसिफसच्या नावाचा लघुग्रह निघाला तेव्हा ते धावतच आले. तो चढावर नाही, मोकळ्या कक्षेत फिरतो, हे कळल्यावर त्यांनी त्या यंत्रमानवाला सुट्टी दिली.

पुढच्या हंगामाची तयारी सुरू होईपर्यंत ठेवायला बाबा जहाज घरी घेऊन आले. जेवणाच्या टेबलाखेरीज ते कुठे मावेना, म्हणून आम्ही त्याच्या कडेकडेने जेवायला लागलो. डावी बाजू काळीठिक्कर झाली होती, कातडी फुगून तडकली होती. ती दुरुस्त करणार का, असं मी विचारलं. राहू दे, थोडं कमी होऊन आलंय, बाबा म्हणाले.

पहिल्याच रविवारी आईंनी बाबांचं भिंग घेतलं आणि जहाजाच्या उजव्या बाजूला वाकून बसल्या. आम्हाला वाटलं बॉबिनं मोजतायत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला एवढी जाड केलीत?”

बाबा वर्तमानपत्रातून बाहेर आले. “दोन मिलिमीटरची आहेस. याहून बारीक केली तर दिसणार नाहीस.”

म्हणजे आईंना ठाऊक होतं. जहाज दिसलं त्या पहिल्या भागापासून ठाऊक होतं. आपल्या वस्तू कुठे कुठे लागल्यात ते शोधायला त्या टीव्हीला नाक लावून बसायच्या, तेव्हाच त्यांनी स्वतःला पाहिलं होतं. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. पहिल्या भागात मी डाव्या खिडकीत होते, त्या म्हणाल्या. यंत्र घेऊन मी इकडे कधी आले?

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती बाजू सूर्याकडे होती, म्हणाले. आगीच्या आदल्या दिवशी हलवली.

मला जरा लागलंच. मी म्हटलं, बाबा, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की परत येतं.

“तुझ्या दगडावर विश्वास होता गं,” बाबा म्हणाले. “आगवाल्यावर नव्हता.”

आईंनी भिंग डावीकडे नेलं. काळ्या खिडकीत यंत्राची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी मात्र एक गुलाबी ठिपका चिकटून बसला होता, मेणबत्तीच्या ओघळासारखा, आणि त्यातून लोखंडी चिमट्याचं टोक वर आलं होतं. बाबांनी आईंना हलवलं होतं. स्वतःला हलवायचं विसरले होते, किंवा विसरले नव्हते. माझा नियम तर बरोबर ठरला होता, मरणाचा साठा तेवढाच होता आणि कुणाच्यातरी डोक्यावर तो पडलाच होता, पण हे मी मनातच ठेवलं, कारण आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना हसावं की रागवावं कळत नव्हतं. तटस्थ राष्ट्रानेसुद्धा मान वर केली.

आईंनी चिमटा मागितला. तो ओघळ अलगद सोडवला, तळहातावर घेऊन पाहिला, आणि बॉबिनांच्या डबीत टाकून झाकण लावलं. मग भिंग बाबांच्या हातात ठेवलं.

“नवीन करा,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या शेजारी बसवा. दाढी केलेला.”